शिक्षकालाही 'रोड लर्निंग' हवे



रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सिलतरा येते. हे नाव आपल्या लोकांना ठाऊक आहे ते मालाच्या रेकमुळे. कोळसा आणि लोहखनिज या पट्ट्यात उतरते, स्पंज आयर्न, बिलेट आणि सळ्या इथून बाहेर पडतात. सकाळी वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होऊन हातात येतो, हे इथल्या गृहिणींना विचारा. पण या अंकात आपण प्रदूषणाविषयी लिहीत नाही, त्यावर पुन्हा कधीतरी. आज लिहायचे आहे ते इथल्या शाळेविषयी, आणि शाळा हा आपल्या मासिकाचा विषय कसा, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो की तो आपलाच विषय आहे.

या कारखान्यांत काम करायला छत्तीसगडच्या खेड्यांतून माणसे येतात, तशीच ओडिशातून, बिहार-झारखंडातून, उत्तर प्रदेशातून येतात आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडूनही येतात. त्यांची मुले एका वर्गात बसतात. घरी कोणी छत्तीसगढी बोलतो, कोणी ओडिया, कोणी भोजपुरी, कोणी मराठी. पुस्तक मात्र हिंदीत. या पट्ट्याच्या कडेच्या एका सरकारी शाळेत गेल्या पावसाळ्यात मी काही कामानिमित्त गेलो होतो. भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यावर फुलाफुलांची चादर घातलेली होती. मी सहज विचारले, तेव्हा तिथले गुरुजी म्हणाले, "लावता येतो हो. पण लावून पुढे काय करायचे ते कोणी सांगितलेले नाही. आणि बिघडला तर माझ्या नावावर." त्यांच्यासमोर पाचवीचा वर्ग होता. त्यात एक मुलगी धडाधड वाचत होती आणि तिच्या शेजारचा मुलगा एकेक अक्षर बोटाने दाबून वाचत होता. दोघांच्या हातात पुस्तक एकच, पान एकच.

हे काही त्या एका शाळेचे वेगळेपण नव्हे. ग्रामीण भागातील शाळांचा 'असर' नावाचा पाहणी अहवाल आहे. त्यात पाचवीची मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात का, हे तपासतात. २०१८ मध्ये देशात असे वाचू शकणारी मुले ५०.५ टक्के निघाली. करोनात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हा आकडा ४२.८ टक्क्यांवर आला. म्हणजे पाचवीच्या वर्गात पाचवीचा धडा शिकवणारा शिक्षक निम्म्याहून अधिक मुलांना न कळणारी गोष्ट शिकवत असतो. यात त्याचा दोष किती?

रेल्वेवाल्याला हे चटकन समजेल. एकाच लाइनवर राजधानी असते, पॅसेंजर असते आणि भरलेली मालगाडी असते. सगळ्यांना एकच वेळापत्रक लावले तर दिवसभरात एकही गाडी धड पोहोचणार नाही. सेक्शन कंट्रोलर प्रत्येक गाडीला तिच्या वेगाप्रमाणे रस्ता काढून देतो. मागची वेगवान असेल तर पुढची लूपमध्ये घेतो. पण लूपमध्ये घेतलेली गाडी विसरून जात नाही, तिचा सिग्नल केव्हा द्यायचा हे त्याच्या तक्त्यावर असते. आपल्या शाळांत कच्च्या मुलाला मागच्या बाकावर, म्हणजे लूपमध्ये घालतात, आणि मग त्याचा सिग्नल द्यायला कोणी येत नाही. सातवी-आठवीत ते पोर शाळा सोडते आणि कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागते. सिलतऱ्याच्या गेटवर सकाळच्या पाळीला उभे राहून पाहा, वाचता न येणारी तरणी पोरे मोजता येतील.

आता आपल्या घरातले बोलू. दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाली २००३ मध्ये, तिचे नागपूर, रायपूर आणि बिलासपूर असे तीन विभाग. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर या पट्ट्यात आपल्या माणसांच्या बदल्या होतच असतात, आणि डाक खात्यातल्या बंधूंनाही बदल्यांचा अनुभव नवा नाही. गोंदियाला मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकलेले पोर रायपूरला हिंदी शाळेत चौथीत बसते. पहिल्याच दिवशी ते पाटी वाचते, 'शिक्षा विभाग'. मराठीत शिक्षा म्हणजे छड्या! ते घाबरले तर त्यात नवल काय? हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. मास्तर सांगतात चेष्टा कर, आणि पोर हसते, आणि मार खाते. गंमतीने सांगतो आहे, पण असे हुशार पोर वर्षभरात 'ढ' ठरते आणि बाप म्हणतो, माझी बदली याला बाधली. पोराला बदली बाधलेली नसते. त्याला त्याच्या पायरीवरून हात देऊन वर घेणारे कोणी भेटलेले नसते.

हात देता येतो का? येतो. आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातले परितेवाडी हे लहानसे गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ मध्ये रणजितसिंह डिसले नावाचे शिक्षक रुजू झाले. शाळेची इमारत पडकी, एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठार. मुलांच्या घरची बोली कानडी आणि पुस्तके मराठी. त्यांनी पहिले काय केले? संगणक नाही मागितला. आधी ते स्वतः कानडी शिकले. मग पहिली ते चौथीची पुस्तके मुलांना कळतील अशी नव्याने बांधली. आणि त्यानंतर त्या पुस्तकांत ते काळे-पांढरे चौकोनी ठिपके, क्यूआर कोड, छापले. फोन त्यावर धरला की कविता ऐकू येते, गोष्ट दिसते, धडा समजावून सांगणारा पाठ सुरू होतो. कोणत्या मुलाला काय कठीण जाते हे पाहून त्याला वेगळा मजकूर देता येतो. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले, पुढे देशातही ती पद्धत पसरली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाले, दहा लाख डॉलरचे. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. एवढी रक्कम हातात आल्यावर निम्मी वाटून देणारा माणूस कामगार चळवळीला परका वाटत नाही.

पण बंधूंनो, या गोष्टीतून सरकारे आणि अधिकारी अर्धाच धडा घेतात. त्यांना ठिपके दिसतात, कानडी दिसत नाही. कोड छापणे सोपे आहे, छापखान्याला ऑर्डर दिली की झाले. मुलाची भाषा शिकणे, त्याची पायरी ओळखणे आणि मग यंत्राला कामाला लावणे, हा क्रम उलटा केला की टीव्हीवर चादर येते.

हा क्रम उलटा केल्याचे जगातले मोठे उदाहरण पेरू या देशाचे आहे. तिथे २००८ च्या सुमारास सरकारने शाळकरी मुलांना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली आणि पुढे हा आकडा आठ लाखांच्या वर गेला. २०१२ मध्ये तपासणीचा अहवाल आला तेव्हा गणितात आणि भाषेत मुलांची काही प्रगती झाल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्रे पोहोचली होती. शिक्षकांना मात्र त्यांचे काय करायचे हे पुरेसे शिकवलेले नव्हते.

याच्या उलट एक प्रयोग आपल्याकडचा आहे, आणि त्याच्या मुळाशी कामगार चळवळीचेच एक घर आहे, म्हणून अभिमानाने सांगतो. लाल निशाण पक्षाचे संस्थापक कॉ. यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव माधव चव्हाण यांनी फरीदा लांबे यांच्यासह मुंबईत १९९५ मध्ये 'प्रथम' ही संस्था उभी केली. त्यांनी मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी, मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची आणि चौथीच्या मुलाला गरज असेल तर पहिलीचे वाचन शिकवायची. बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, मुलाला येईल त्या पातळीपासून सुरू होणारे. दोन्हींचा फायदा झाला. या प्रयोगांची मोजणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इथे संगणक उपयोगी पडला कारण तो मुलाच्या पायरीवर उतरला.

पुढची गोष्ट तर युनियनवाल्यांनी पाठच करावी अशी आहे. हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर सरकारी शिक्षकांकडून राबवायची ठरली. बिहारमध्ये शिक्षकांना नुसते साहित्य आणि प्रशिक्षण देऊन नेहमीच्या तासांत सोडून दिले, तेव्हा मुलांत फरक पडला नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये त्यासाठी दिवसाचा एक वेगळा तास राखून ठेवला, मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवले, आणि केंद्र पातळीवरच्या लोकांनी आधी स्वतः वर्गात शिकवून पाहिले आणि मग शिक्षकांच्या सोबत उभे राहिले. तिथे वाचन सुधारले. सरकारी शिक्षक बिहारमध्येही होते आणि हरियाणातही. बदलला तो वेळ आणि बदलली ती सोबत. "सरकारी मास्तर कामचुकार" असे जे उठताबसता म्हणतात त्यांनी हे दोनदा वाचावे. आपल्यालाही लोक असेच म्हणतात, नाही का?

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमध्येही हेच घडले. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी २०१२ च्या सुमारास तिथल्या जिल्हा परिषद शाळांत काम सुरू केले. मणी, काड्या, खडे, फरशीवर खडूने आखलेले चौकोन, आणि गटागटाने बसून आपल्या आपण शिकणारी मुले. किंमत म्हणाल तर जवळजवळ शून्य. महाराष्ट्रभरातून शिक्षक ते पाहायला गेले. वरून येणारा अधिकारी तपासायला येतो हे आपण जन्मभर पाहिले. इथे अधिकारी शिकवायला बसला, म्हणून शिक्षक हलले.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या शाळेत एकच गुरुजी होते आणि वर्ग चार. ते चौथीच्या मुलांना गणित घालायचे, तिसरीला शुद्धलेखन द्यायचे, दुसरीच्या पोरांना चौथीतला एक हुशार पोरगा पाढे म्हणून दाखवायचा, आणि पहिलीला ते स्वतः मांडीजवळ घेऊन बसायचे. माझ्या पाटीवरचे गणित शेजारच्या पाटीवर नसायचे. आज याला मोठी मोठी नावे आहेत. मी मॅट्रिकपलीकडे गेलो नाही, पण जे काही लिहिता-वाचता येते ते त्या पाटीचे देणे आहे. मात्र त्या गुरुजींच्या मागे ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा नव्हता, हेही खरे.

छत्तीसगडच्या शिक्षकांनी करोनात काय केले तेही विसरता कामा नये. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने 'पढ़ई तुंहर दुआर' नावाने घरबसल्या शिक्षणाची योजना काढली. पण ज्यांच्या घरी चांगला फोन नाही, गावात नेटवर्क नाही, त्यांचे काय? तेव्हा शिक्षकांनी मोहल्ला वर्ग भरवले, बस्तरकडे भोंग्यावरून धडे ऐकवले, आणि इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवर ब्लूटूथने आवाजातले पाठ पाठवले. त्याला नाव काय दिले, तर 'बुलटू के बोल'! ब्लूटूथचे बुलटू करणाऱ्या माणसांना तंत्रज्ञानाची भीती वाटते असे म्हणणे हा अन्याय आहे. जे तंत्र त्यांच्या हातात बसले ते त्यांनी वापरले.

आपल्या लोको पायलटला नव्या सेक्शनवर गाडी घेऊन कोणी लगेच पाठवत नाही. तो आधी रोड लर्निंग करतो. ठरलेल्या फेऱ्या जाणत्या माणसाबरोबर मारतो, त्यात रात्रीचीही फेरी असते. चढ कुठे, उतार कुठे, सिग्नल कोणत्या वळणाआड दडतो, हे डोळ्यांनी पाहतो आणि मगच 'मार्ग मला ठाऊक आहे' अशी सही करतो. काही महिने त्या सेक्शनवर गेला नसेल तर पुन्हा फेरी. ही शिस्त म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही. आता शिक्षकाचे पाहा. 'निष्ठा' नावाचे प्रशिक्षण २०१९ मध्ये केंद्राने सुरू केले आणि २०२० मध्ये ते ऑनलाइन गेले. शिक्षकाने आपल्या फोनवर धडे पाहायचे, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचे. धडे चांगले असतील, मी वाद घालत नाही. पण पुस्तक वाचून घाट चढवता येतो का? जाणता शिक्षक वर्गात शेजारी उभा राहिला पाहिजे, त्याने चाळीस मुलांचे चार गट करून दाखवले पाहिजेत, एका गटाला फोनवरचा पाठ लावून देऊन दुसऱ्या गटाजवळ स्वतः कसे बसायचे हे दाखवले पाहिजे. असे दोन-तीनदा झाले की मग सही मागा.

डाक बंधूंनाही हे वेगळे सांगायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये 'दर्पण' योजना आली आणि सुमारे १ लाख २९ हजार ग्रामीण शाखा डाकघरांना हातातले यंत्र द्यायचे ठरले. काम सोपे झाले, नाकारण्यात अर्थ नाही. पण नेटवर्क शोधत छतावर चढणारा शाखा डाकपालही आपण पाहिला आहे. यंत्र देणाऱ्याने नेटवर्क, दुरुस्ती आणि शिकवणे या तीन गोष्टी बरोबर दिल्या नाहीत, तर सगळा राग खिडकीवरच्या माणसाला खावा लागतो. वर्गात तो शिक्षकाला खावा लागतो.

इथे आपल्या बाजूचेही थोडे कबूल करायला हवे. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, पुढे बँकांत आणि आपल्या आरक्षण कार्यालयांतही धुसफूस झाली. आपला विरोध यंत्राला नव्हता, माणूस कमी करण्याला होता, असे आपण म्हणतो आणि ते बरेचसे खरे आहे. पण यंत्र आले तेव्हा 'आम्हाला नीट शिकवा' ही मागणी आपण जितक्या जोरात करायला हवी होती तितक्या जोरात केली नाही, आणि जुन्या पिढीतले कित्येक कारकून संगणकापुढे शरमेने गप्प बसले. शिक्षक संघटनांनी ती चूक करू नये. भीती मात्र खरी आहे. २०२५ मध्ये छत्तीसगडमध्ये दहा हजारांहून अधिक शाळांचे 'युक्तियुक्तकरण' झाले. शिक्षक जिथे कमी तिथे पाठवायचे आहेत असे सरकारचे म्हणणे होते, शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. टीव्हीच्या जोरावर उद्या शिक्षकाचे एक पद खाल्ले गेले, तर त्या टीव्हीला आपलाही विरोध राहील. तो शिक्षकाच्या हाताखाली आला तर आपण स्वागत करू.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाचे कर्तव्य सांगितले आहे: प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरजेप्रमाणे जादा शिकवावे. म्हणजे पायरीप्रमाणे शिकवणे हा कायदाच आहे. पण कर्तव्य सांगून कायदा थांबत नाही. कलम २५ मध्ये विद्यार्थी-शिक्षक प्रमाण आहे, आणि प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंतही दोन शिक्षक लागतात. कलम २७ म्हणते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपू नये. चोवीस नंबरचा जाब शिक्षकाला विचारायचा असेल तर पंचवीस आणि सत्ताविसाचा जाब सरकारला द्यावा लागेल.

दिव्यांग मुलांचे राहून जाऊ नये. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' या नावाने दृष्टिहीनांसाठी ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले, तिथे ऐकायची पुस्तके मिळतात. आमच्या एका ट्रॅकमन बांधवाच्या मुलीला कमी दिसते. तिला याची माहिती मिळाली ती दहावीच्या वर्षी, तीही शाळेकडून नव्हे, एका शेजाऱ्याकडून. दहा वर्षे ती पोरगी मैत्रिणीच्या तोंडून धडे ऐकत होती. फोन घरात होताच.

रेल्वेच्या स्वतःच्या शाळा आहेत, त्यांचेही भविष्य २०१५ च्या देबरॉय समितीपासून टांगणीला आहे. रेल्वेने शाळा आणि इस्पितळे चालवण्यातून बाहेर पडावे असे त्या समितीने सुचवले होते. शाखा बैठकांत आपण क्वार्टरच्या छतावर आणि ओव्हरटाइमवर बोलतो, शाळेवर बोलत नाही. बदलीवरच्या मुलाला पहिले तीन महिने भाषेची जादा शिकवणी शाळेतच मिळावी, ही मागणी आपल्या युनियनच्या कोणत्याही मागणीपत्रात माझ्या पाहण्यात नाही. ती पुढच्या वेळी असेल, हे मी सचिव म्हणून लिहून देतो.

तोवर एक काम लगेच करता येईल. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्याच्या कलम २१ प्रमाणे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्यापैकी किती जण तिच्या बैठकीला गेले आहेत? मी स्वतः माझ्या मुलांच्या वेळी एकदाही गेलो नाही, ड्यूटीचे कारण सांगत राहिलो. आता नातवासाठी सून जाते, आणि सुनेला मी तीन प्रश्न कागदावर लिहून दिले आहेत: वाचता न येणाऱ्या मुलांसाठी रोजचा वेगळा तास आहे का, शिक्षकांना वर्गात येऊन शिकवून दाखवणारे कोणी या वर्षी आले का, आणि टीव्ही बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खात्यातून होतो. पहिल्या बैठकीत तिसऱ्या प्रश्नावर हेडमास्तर पाच मिनिटे गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बाई, हे आम्हालाच विचारायचे होते, तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवतो." तिने त्याच दिवशी लेखी दिले. त्याची एक प्रत युनियन कार्यालयात आहे, ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी घेऊन जावी.